सेप्टिक टँकनंतरचे शोषचर किती मोठे करावेत? हिशेब गणपतीच्या आठवड्याचा करा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुरबाड तालुक्यात सात गुंठ्यांच्या प्लॉटवर आपण घर बांधत आहात. जागा साधारण २२ मीटर रुंद आणि ३२ मीटर लांब आहे, आणि ती पूर्वी भातखाचर होती. घरात कायम सहा माणसे राहणार आहेत आणि सणासुदीला बारापर्यंत होतील. मिस्त्री म्हणतात की सेप्टिक टँकच्या पुढे चार फूट व्यासाच्या सिमेंटच्या रिंगा टाकून आठ फूट खोल शोषखड्डा केला की काम झाले. अमेरिकेत असलेल्या आपल्या भाच्याने मात्र बेडरूमच्या संख्येवरून हिशेब करून शंभर फुटांहून लांब शोषचर, म्हणजे खडी आणि छिद्रांचे पाइप घालून टाकीचे पाणी मातीत जिरवणारे चर, सांगितले आहेत. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

गेली अठ्ठावीस वर्षे मी ठाण्यात राहून शहापूर, मुरबाड आणि भिवंडीच्या ग्रामीण भागातील घरांची सांडपाण्याची कामे करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दोघांच्याही उत्तरात आपली जमीन आलेली नाही. मिस्त्रींनी सवयीचा आकडा सांगितला आणि भाच्याने तिकडच्या नियमातला. खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्या जागेतील माती वर्षातील सर्वांत वाईट दिवशी किती लिटर पाणी पिऊ शकते, आणि त्याच दिवशी घरातून किती पाणी बाहेर पडते? आपल्याकडे हे दोन्ही दिवस बहुतेक एकाच आठवड्यात येतात. भाद्रपदात गणपती बसतात तेव्हा घरात सर्वाधिक माणसे असतात, आणि तीन महिने पाऊस झेललेली जमीन तुडुंब भरलेली असते. म्हणून मी प्रत्येक घराचा हिशेब गणपतीच्या आठवड्यावरून करतो, आणि आपणही तसाच करावा असा माझा आग्रह आहे.

सेप्टिक टँक पाणी शुद्ध करते, हा समज आधी दूर करायला हवा. टाकीत घन पदार्थ तळाशी बसतात, तेलकट मळी वर तरंगते आणि गाळाचे काही प्रमाणात विघटन होते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी मात्र दिसायला बरे असले तरी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याचे खरे शुद्धीकरण चराखालच्या मातीत होते, तेही माती ओली असूनही तिच्यात हवा खेळती असेल तरच. माती पाण्याने पूर्ण भरली की हवा संपते, शुद्धीकरण थांबते आणि तेच पाणी जवळच्या विहिरीकडे किंवा बोअरकडे सरकू लागते. त्यामुळे चरांचे माप कमी पडणे म्हणजे केवळ संडास तुंबण्याची अडचण नव्हे. आपल्या आणि शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्याला जोडलेला आहे.

मातीचा वेग मोजण्यासाठी झिरप चाचणी करतात. सेप्टिक टँकच्या पाण्याची विल्हेवाट कशी लावावी यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २४७० (भाग २) हे १९८५ चे मानक आहे, आणि त्यात या चाचणीची रीत दिलेली आहे. चराचा तळ जितका खोल येणार आहे तितक्या खोलीपर्यंत १०० ते ३०० मिलिमीटर रुंदीचा उभा खड्डा खणावा. पहारीने किंवा फावड्याने खणताना बाजूंची माती चोपडी होते आणि तिची छिद्रे बुजतात, म्हणून चाकूने बाजू आणि तळ खरवडून घ्यावेत, सुटी माती काढून टाकावी आणि तळाशी पाच सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरावी. मग त्या खडीवर किमान ३० सेंटिमीटर पाणी भरून माती रात्रभर भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी शिल्लक असेल, तर पातळी खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणून अर्ध्या तासात ती किती उतरते ते पाहावे. पाणी शिल्लक नसेल, तर १५ सेंटिमीटर भरून दर अर्ध्या तासाने उतार मोजावा, पुन्हा तेवढेच भरावे, असे चार तास करावे आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरावा. त्यावरून पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागली हे काढायचे. ही मिनिटे म्हणजेच आपल्या मातीचा झिरप दर. प्लॉटवर असे निदान तीन खड्डे वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावेत. माझ्या पाहण्यात एकाच प्लॉटवर बांधाजवळच्या आणि मधल्या खड्ड्यांच्या आकड्यांत तिपटीचा फरक आलेला आहे.

आदल्या दिवशी माती भिजवण्याची पायरी कोणी वगळू नये, म्हणून माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत शहापूर तालुक्यातील एका घरासाठी मी मे महिन्यात चाचणी घेतली होती. मालकांना घाई होती, म्हणून एकदाच पाणी ओतून लगेच मोजले. उन्हाने जमिनीला भेगा पडल्या होत्या, पाणी त्या भेगांतून सरसर निघून गेले आणि आकडा आला सहा मिनिटांचा. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने साडेसहा चौरस मीटर शोषक्षेत्र पुरेसे ठरले आणि तेवढेच चर खणले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चरांवरच्या गवतातून काळसर पाणी वर आले आणि घरातील वृद्ध आजींना त्या वासात दिवस काढावे लागले. मी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा पंचेचाळीस मिनिटांचा आकडा आला, म्हणजे जवळपास अठरा चौरस मीटर क्षेत्र लागणार होते. नवे चर मी स्वतःच्या खर्चाने काढून दिले, पण त्या कुटुंबाचा एक पावसाळा वाया गेला तो गेलाच. तेव्हापासून शक्य असेल तिथे मी ऑगस्टमध्ये चाचणी घेतो, आणि कोरड्या दिवसांत घ्यावी लागली तर एक रात्र नव्हे, सलग दोन रात्री माती भिजवतो.

आता हिशेबाकडे वळू. मानकातील सूत्र सोपे आहे. २०४ या संख्येला झिरप दराच्या वर्गमुळाने भागले की एक चौरस मीटर क्षेत्र रोज किती लिटर पाणी कायमस्वरूपी शोषू शकेल ते मिळते. दर १० मिनिटांचा असेल तर सुमारे ६५ लिटर, ३० मिनिटांचा असेल तर ३७, ४५ चा असेल तर ३०, आणि ६० चा असेल तर २६ लिटर. हे आकडे पाहून बरेच जण बुचकळ्यात पडतात. २५ मिनिटांत २५ मिलिमीटर म्हणजे मिनिटाला एक मिलिमीटर, म्हणजे दिवसाला १,४४० मिलिमीटर. मग एक चौरस मीटर माती रोज १,४४० लिटर पाणी का घेणार नाही, असे एका हुशार गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांचा गुणाकार बरोबर होता, पण चाचणीत आपण स्वच्छ पाणी ओततो आणि चरात रोज सेप्टिक टँकचे पाणी येते. त्यातील बारीक कण आणि जंतू मिळून चराच्या तळाशी काही महिन्यांत बुळबुळीत काळा थर तयार करतात, आणि पुढे सगळे पाणी त्या थरातूनच जिरते. सूत्रात या दराला मिळणारा आकडा, सुमारे ४१ लिटर, चाचणीच्या वेगाच्या पस्तिसाव्या हिश्श्यावर येतो तो यामुळेच. पहिल्या वर्षी छान चालणारा लहान शोषखड्डा तिसऱ्या वर्षी तुंबतो, तेही याच कारणाने.

क्षेत्र कशाचे मोजायचे, हेही स्पष्ट असू द्यावे. चर असेल तर त्याच्या तळाचे क्षेत्र धरतात. शोषखड्डा असेल तर बाजूच्या भिंतींचे, आणि तेही पाणी आत येण्याच्या पातळीच्या १५० मिलिमीटर खालून पुढचे. आपल्या मिस्त्रींनी सुचवलेल्या खड्ड्याला हे लावून पाहू. व्यास १.२ मीटर आणि खोली सुमारे २.४ मीटर. वरचा भाग वजा केला की उपयोगी खोली १.८५ मीटरच्या आसपास उरते आणि बाजूचे क्षेत्र सात चौरस मीटर भरते. झिरप दर ३० मिनिटांचा असेल, तर हा खड्डा रोज सुमारे २६० लिटर पाणी घेईल. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ऐंशी टक्के सांडपाणी हा रूढ हिशेब धरला, तर माणशी १०८ लिटर होतात. म्हणजे तो खड्डा जेमतेम अडीच माणसांचा झाला. दर १० मिनिटांचा, म्हणजे उत्तम मातीचा असला, तरी चार माणसांपलीकडे तो जात नाही. आणि यात अजून पावसाळ्यातील भूजल धरलेलेच नाही. भातखाचरात श्रावण-भाद्रपदात पाणी जमिनीखाली वीतभर अंतरावर असते. आठ फूट खोल खड्डा तेव्हा आधीच पाण्याने भरलेला असणार. मिस्त्रींच्या कामाविषयी मला आदर आहे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, जिथे मुरमाड माती आहे आणि भूजल खोल आहे, तिथे त्यांचे असे खड्डे वर्षानुवर्षे चाललेही असतील. आपली जागा तशी नाही.

भाच्याच्या आकड्याविषयीही एवढेच म्हणतो की तिकडे बेडरूमवरून पाण्याचा अंदाज बांधतात, कारण घर विकले गेले की राहणारी माणसे बदलतात. ती पद्धत चुकीची नाही, परंतु मातीचा भाग त्यांनाही मोजूनच घ्यावा लागतो, आणि तो आपल्या प्लॉटवर कोणी मोजलेला नाही.

आपल्या घराचे रोजचे सांडपाणी सहा माणसांचे, म्हणजे सुमारे ६५० लिटर. गणपतीत बारा माणसे असतील तेव्हा ते १,३०० लिटर होईल. पूर्ण १,३०० लिटरांसाठी चर केले तर वर्षातील साडेतीनशेहून अधिक दिवस अर्धे क्षेत्र रिकामे राहील आणि जागाही फार जाईल. केवळ ६५० धरले तर सणाच्या दिवसांत फजिती होईल. मी अशा घराला १,००० लिटर धरतो, आणि त्यामागचा विचार असा. पाच दिवस रोज ३०० लिटर जास्त आले तर एकूण १,५०० लिटर पाणी कुठेतरी थांबवावे लागेल. झिरप दर ३० मिनिटांचा धरला तर १,००० लिटरांसाठी २७ चौरस मीटर तळ लागतो. पाइपाखाली २० सेंटिमीटर खडी असेल तर त्या खडीचे आकारमान ५.४ घनमीटर होते, आणि धुतलेल्या खडीत साधारण पस्तीस टक्के पोकळी असते, म्हणजे सुमारे १,९०० लिटर पाणी त्या पोकळीत मावते. पाहुणे गेल्यावर रोजची आवक ६५० वर येते आणि साठलेले पाणी चार-पाच दिवसांत जिरून जाते. हा हिशेब खडी धुतलेली असेल तरच खरा ठरतो. क्रशरची भुकटी मिसळलेली खडी टाकली तर पोकळीही जाते आणि तळाची मातीही पहिल्याच पावसात बुजते. यासाठी मी खडी प्लॉटवर उतरल्यावर स्वतः ओंजळीत घेऊन बादलीत धुऊन पाहतो.

हे २७ चौरस मीटर बसवायचे कसे? चराची रुंदी ०.३ ते १ मीटर आणि खोली ०.५ ते १ मीटर ठेवता येते, आणि एका चराची लांबी ३० मीटरपेक्षा जास्त असू नये. ७५ सेंटिमीटर रुंदी धरली तर एकूण ३६ मीटर लांबी लागते. तिचे १२ मीटरचे तीन चर करावेत आणि दोन चरांमध्ये १.८ मीटर अंतर सोडावे. अशा मांडणीला साधारण १२ बाय ६ मीटर जागा पुरते, म्हणजे पाऊण गुंठ्याहून थोडी कमी. झिरप दर १० मिनिटांचा आला तर २१ मीटर लांबीत भागेल, ४५ चा आला तर ४४ मीटर लागतील, आणि ६० चा आला तर ५१ मीटर. आपल्या मातीचा आकडा कळेपर्यंत यापैकी कोणतीही लांबी अंतिम समजू नये.

प्लॉटवरील जागा निवडताना अंतरे पाळावी लागतात. मानकाप्रमाणे राहत्या घरापासून किमान ६ मीटर आणि विहीर किंवा अन्य पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर अंतर हवे. आपल्या २२ बाय ३२ च्या जागेत चर उताराच्या खालच्या अंगाला एका कोपऱ्यात आणि बोअर वरच्या अंगाला समोरच्या कोपऱ्यात घेतली, तर दोन्हींत सुमारे २४ मीटर अंतर मिळते आणि मध्ये घर बसते. तरीही मी सुचवीन की शेजाऱ्यांची बोअर कुठे आहे हे आधी जाऊन पाहावे, कारण अंतर कुंपणापर्यंत मोजून उपयोग नाही. आपल्या भागात वर मुरूम आणि खाली काळा कातळ आहे. या कातळाला भेगा असतात आणि त्या भेगांतून पाणी मातीसारखे हळूहळू गाळले जात नाही. म्हणून कातळ उथळ असेल तिथे मी १८ मीटरवर समाधान मानत नाही, शक्य असल्यास ३० मीटर मागतो. याच कारणाने झिरप दर फार वेगवान, म्हणजे एक-दोन मिनिटांचा आला तर मी आनंदी होत नाही. लोकांना वाटते जमीन छान पाणी पिते. प्रत्यक्षात चराखाली पुरेशी माती नसते आणि पाणी न गाळताच खाली जात असते.

आता आपल्या जागेचा सर्वांत अवघड भाग. भातखाचरात पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी झालेली असते. औत फिरून फिरून वीत-दीड वीत खोलीवर घट्ट थर बसतो आणि तो पाणी अडवतो. भाताला तेच हवे असते. चर या थराच्या खाली गेला तर कधी कधी बरी माती मिळते, कधी खाली करडी चिकण माती लागते. हे कळण्यासाठी उन्हाळ्यात जेसीबीने चरांच्या नियोजित जागेजवळ एक दोन मीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या भिंतीकडे नीट पाहावे. भिंत एकसारखी तांबूस-तपकिरी असेल तर माती बहुतेक वेळ हवेशीर असते. ज्या खोलीपासून करड्या मातीत गंजासारखे तांबडे ठिपके दिसू लागतात, तिथवर पावसाळ्यात पाणी चढते असे समजावे. लोखंडाचे क्षार पाण्यात विरघळून पुन्हा हवेत गंजल्याने ते ठिपके पडतात, आणि मे महिन्यातही ते ऑगस्टची पातळी दाखवतात. त्याच वेळी शेजारच्या शेतकऱ्यांना विचारावे की पावसात त्यांच्या विहिरीचे पाणी कुठवर येते. या माहितीने मला अनेकदा महागड्या चुकांपासून वाचवले आहे.

पावसाळ्यातील भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल, तर मानक चर जमिनीत खणायला सांगत नाही; ते उंचवट्यात, अंशतः किंवा पूर्णपणे जमिनीच्या वर घ्यायला सांगते. आपल्याला हेच करावे लागण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून त्याचा खर्च आणि जागा आधीच धरून ठेवावी. मूळ जमीन नांगरून खडबडीत करायची, त्यावर जाड वाळूचा थर द्यायचा आणि त्यात चर बसवायचे. उंचवटा ०.९ मीटरचा आणि त्याच्या बाजू एकास तीन उताराच्या धरल्या, तर १२ बाय ६ ची जागा वाढून सुमारे १७.५ बाय ११.५ मीटर होते, म्हणजे दोन गुंठ्यांच्या जवळपास. घराचे जोते पुरेसे उंच ठेवले तर पाणी आपोआप जाईल, नाहीतर छोटा पंप लागेल. जोत्याची उंची आत्ताच ठरणार असल्याने हा निर्णय पाया खणण्यापूर्वी व्हायला हवा.

इथे एक सावधगिरी. प्लॉट पाडताना पुष्कळदा खाचरे भरावाने सपाट केलेली असतात आणि त्या भरावात मुरूम, दगड, बांधकामाचा राडारोडा असे सगळे असते. अशा भरावातील चाचणीचा आकडा धरू नये. पाणी दगडांच्या फटींतून जाऊन खालच्या जुन्या चिखलथरावर साचते आणि आडवे सरकत कुंपणाच्या कडेने शेजारच्या शेतात निघते. उंचवट्यासाठी निवडून आणलेली वाळू आणि असा भराव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

झिरप दर ६० मिनिटांच्या पलीकडे गेला तर शोषचरांचा विचार सोडून द्यावा. अशा मातीसाठी मानकात खालून वर जाणाऱ्या प्रवाहाची गाळणटाकी किंवा जैविक गाळणी सुचवली आहे, आणि तिथून निघालेल्या पाण्यासाठी योग्य निचरा शोधावा लागतो. ठाणे खाडीच्या काठच्या खाजणातील चिकण माती बहुतेक या वर्गात मोडते. शहरातील आणि नवी मुंबईतील मलवाहिनी असलेल्या भागात तर हा प्रश्नच येत नाही. तिथे वाहिनीला जोडणे हेच योग्य.

न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे पाणी वेगळे काढून केळी-अळूला सोडले तर चर लहान करता येतील का, असे बहुतेक जण विचारतात, आणि आपल्यालाही कोणी हे सुचवेल. आठ महिने हा उपाय उत्तम आहे आणि मी तो आवर्जून करायला सांगतो. स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेल अडवणारे चेंबर द्यावे एवढेच. परंतु ऑगस्टमध्ये केळीच्या आळ्यात आधीच घोटाभर पाणी असते, तेव्हा हे पाणीही जमिनीलाच जिरवावे लागते. म्हणून त्याच्यासाठी चेंबरमध्ये झडप ठेवून पावसाळ्यात ते चरांकडे वळवण्याची सोय मी करतो आणि चरांचे माप कमी करत नाही. छपराचे पाणी मात्र कोणत्याही परिस्थितीत सेप्टिक टँकमध्ये किंवा चरांत जाता कामा नये. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात शंभर चौरस मीटरच्या छपरावरून एका दिवसाच्या १०० मिलिमीटर पावसात १०,००० लिटर पाणी उतरते, आणि आपण हिशेब केला आहे तो १,००० लिटरांचा.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर आधी खड्डा घेऊन पावसाळी भूजलाची पातळी पाहायची, मग भिजवलेल्या मातीत झिरप दर मोजायचा, १,००० लिटरांना त्या दराने क्षेत्र काढायचे, आणि शेवटी ते अंतरे पाळून प्लॉटवर बसते का हे नकाशावर आखायचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे उरलेल्या कोपऱ्यात मावेल तेवढा चर खणला, की पुढचे सगळे नशिबावर राहते.

टाकीविषयी फार लिहीत नाही. आपल्या घराला ३,००० लिटरची, दोन कप्प्यांची टाकी घ्यावी, आतून २.४ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.२५ मीटर. पहिला कप्पा दोन तृतीयांश. बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा पाइपचा जोड, बसवावा, म्हणजे वरची मळी चरांत जाणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून गाळ उपसून घ्यावा. गाळ वेळेवर काढला नाही तर तो चरांत उतरतो, आणि बुजलेला चर धुऊन पुन्हा चांगला करता येत नाही. उपसा यंत्रानेच करावा, टाकीत माणूस उतरवू नये. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने असे धोकादायक काम करून घेण्यास बंदी आहे.

बांधकामाच्या वेळी मी स्वतः हजर राहतो ते दोन दिवसांसाठी. पहिला दिवस चर खणण्याचा. माती ओली असताना जेसीबी लावू देऊ नये, कारण बादलीच्या दाबाने तळ आणि बाजू लादीसारख्या गुळगुळीत होतात. कोरड्यात खणले तरी तळ दाताळ्याने खरवडून घ्यावा, आणि त्यानंतर त्यावर कोणी चालू नये. दुसरा दिवस पाइप टाकण्याचा. पाइप ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचा, खाली छिद्रे असलेला घ्यावा, आणि उतार अगदी थोडा, ४०० मीटरला १ मीटर या प्रमाणात, म्हणजे १२ मीटरच्या चरात केवळ ३ सेंटिमीटर ठेवावा. उतार जास्त झाला की सगळे पाणी शेवटच्या टोकाला जाते आणि तेवढाच भाग आधी बुजतो. मिस्त्री डोळ्यांनी उतार धरतात. इथे मात्र पाण्याची लेव्हल नळी लावूनच धरावा. पाइपाभोवती आणि वर १५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, आणि मग मूळची माती थोडी उंच भरावी, कारण ती पुढे बसते. कापड मिळत नसे तेव्हा आम्ही भाताचा पेंढा जाड अंथरत असू. आता कापड सहज मिळते, तेच वापरावे.

तिन्ही चरांना पाणी सारखे वाटून देणारे चेंबर सुरुवातीला हवे, आणि प्रत्येक वाटेला झाकण ठेवता येईल अशी सोय हवी. पावसाळा संपला की तीनपैकी एक चर आळीपाळीने दोन-तीन महिने बंद ठेवावा. हवा मिळाली की तळाचा काळा थर सुकून विरळ होतो आणि चराची ताकद बरीचशी परत येते. पावसाळ्याआधी मात्र तिन्ही वाटा उघडाव्यात. चरांवर फक्त गवत असू द्यावे. गाडी उभी करू नये, पेव्हर ब्लॉक घालू नयेत, आणि उंबर, वड, नारळ यांची रोपे जवळ लावू नयेत. प्रत्येक चराच्या शेवटी झाकणाचा एक उभा पाइप तळापर्यंत सोडून ठेवावा. महिन्यातून एकदा त्यात काठी घालून पाहिले की तळाशी किती पाणी उभे आहे ते कळते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ते पाणी निम्म्या खडीपर्यंत असेल, तर पाहुणे येण्यापूर्वी टाकी उपसून घ्यावी. एवढ्याने तीन हजार लिटरांची जागा मोकळी होते आणि सणाचे दोन-अडीच दिवस निभावून जातात.

आपण अजून पाया खणलेला नाही, हे चांगले आहे. तीन खड्ड्यांतील शेवटच्या अर्ध्या तासाचे उतार, दोन मीटरच्या खड्ड्यात तांबडे ठिपके किती खोलीवर सुरू झाले ती खोली, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या बोअरची अंतरे एवढे आकडे कळवल्यास, चर जमिनीत घ्यायचे की उंचवट्यात, आणि नेमके किती मीटर, हे मी आपल्याला मांडून देईन.